देवघरात बसलेली स्प्लिंट

मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस काहीतरी भलतंच विचारतो. "भाकरी उलथायचं नवीन उलथणं का हे?" "बुटात घालायचं का?" एका आजोबांनी तर मला खरंच पायाखाली धरून माप घेतलं होतं! मी रागावत नाही. माझ्यासारखी वस्तू तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली असेल?

तर मित्रांनो, मी एक जुनी स्प्लिंट आहे. हाताची स्प्लिंट. भाजलेला हात बरा होत असताना त्याला नीट उघडा धरून ठेवायचा, एवढंच माझं काम. सध्या मी नाशिकच्या एका दवाखान्यात काचेच्या कपाटात असते. माझ्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात, एक तुटलेला पट्टा शिवलेला आहे, आणि मधोमध एक लालसर डाग आहे, तो कितीही धुतला तरी जात नाही. तो डाग रक्ताचा नाही बरं का. कुंकवाचा आहे!

आता सुरुवातीपासून सांगते.

मी जन्माला आले ती सिंहस्थाच्या वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा. त्याआधी मी प्लॅस्टिकचा एक पांढरा, कडक, सपाट तुकडा होते. मला ना आकार, ना नाव. एके दिवशी अरफा मॅडमनी मला कपाटातून काढलं. भाजलेल्या हातांना पुन्हा कामाला लावणं हा त्यांचा पेशा. त्यांनी मला कात्रीने कापलं आणि थेट गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलं. मला वाटलं, संपलं! पण गंमत बघा. गरम पाण्यात मी दुखावले नाही, मऊ झाले. गरम पोळीसारखी लुसलुशीत. मॅडमनी मला बाहेर काढून पुसलं, जरासं निवू दिलं आणि एका छोट्याशा हाताच्या पट्टीवर अलगद ठेवून दाबलं. गार होता होता मी त्या हाताचा आकार घेतला. मनगट, तळवा, पाच बोटं, सगळी पसरलेली. कुणीतरी "थांब!" म्हणून हात दाखवावा, अगदी तशी. मग मला पट्टे लावले. शाळेच्या बुटांना असतात ना, चर्रर्र आवाज करणारे? तेच.

तो हात मोहिनीचा होता.

मोहिनी येवल्याची. पाचवीत होती. तिचे वडील वाल्मीक, पैठणी विणायचे. घरातली पुढची खोली म्हणजे माग आणि मागची खोली म्हणजे बाकी सगळं! आई मोहिनी लहान असतानाच गेली, म्हणून वडिलांची आत्या, अक्काबाई, त्यांच्याकडे येऊन राहिली आणि तिनेच मोहिनीला वाढवलं. दिवाळीच्या सुट्टीत तिघं निफाडजवळ नातेवाइकांच्या गुऱ्हाळावर गेले होते. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरट उकळत होता. पोरांनी गरम पाक मागितला की आधी तो पाण्यात टाकून गार करायचा आणि मग हातावर द्यायचा, ही तिथली रीत. मोहिनीने पाण्याची वाट पाहिली नाही. तिने उजवा तळवा पुढे केला. पाक तळव्यावर पडला, आणि घाबरून तिने काय करावं? मूठ घट्ट आवळली!

मित्रांनो, गरम पाणी ओघळून जातं. पाक चिकटतो. मुठीत बसून तो खोल खोल भाजत गेला. त्यावर कुणीतरी धावत जाऊन टूथपेस्ट आणली आणि फासली. तिथे पाण्याचा हौद भरलेला होता, पण हात पाण्याखाली धरायचं कुणालाच सुचलं नाही. नाशिकला पोचेपर्यंत मोहिनीचा हात म्हणजे निळ्या-पांढऱ्या पेस्टचा गोळा झाला होता. तो धुऊन काढताना तिने जे ओरडून घेतलं ते मी ऐकलेलं नाही, कारण मी तेव्हा कपाटात होते. पण दवाखान्यातल्या खुर्च्यांनी मला सांगितलं.

डॉक्टरांनी जळलेली कातडी काढली आणि मांडीची पातळ कातडी घेऊन तळव्यावर, बोटांवर लावली. प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी बांधली, कारण कच्ची बोटं एकत्र बांधली तर ती एकमेकांना चिकटून बसतात. आणि या सगळ्यावर पहारेकरी म्हणून मी!

पहिल्याच दिवशी मोहिनीने विचारलेला प्रश्न मला अजून पाठ आहे. दुखेल का, असं तिने विचारलं नाही. शाळा कधी, असंही नाही.

"मॅडम, संक्रांतीला मला आसारी धरता येईल ना?"

अरफा मॅडम जुन्या नाशकातल्या. त्यांना प्रश्न कळला. आसारी म्हणजे येवल्याची मांजा गुंडाळायची मोठी लाकडी चक्री. मधून दांडा, भोवती लाकडी पट्ट्या. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. वाल्मीकभाऊ पतंग उडवायचे आणि मोहिनी त्यांची आसारी धरायची. अगदी लहान असल्यापासून. गल्लीत या जोडीचं नाव होतं.

"धरता तर येईल," मॅडम म्हणाल्या. "पण ढील द्यायची असेल तर काय करतेस?"

"बोटं सोडते. मग आसारी गर्रकन फिरते."

"तिथेच तर खरी गंमत आहे, मोहिनीबाई. भाजलेल्या हाताला धरायला पटकन जमतं. सोडायला जमत नाही. ते या पांढऱ्या मॅडम शिकवतील तुला." असं म्हणून त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. पांढऱ्या मॅडम! मी किती फुगले म्हणून सांगू!

नवी कातडी लबाड असते, मित्रांनो. वरून छान गुलाबी दिसते, पण आतून हळूहळू आक्रसत जाते आणि बोटांना आपल्याबरोबर आत ओढते. तिला ताणून धरायला कुणीतरी लागतं. मी ते काम रात्रंदिवस केलं. मोहिनी झोपली तरी मी जागी. मधून मधून मॅडम मला काढून तिच्या बोटांचा व्यायाम घ्यायच्या, की पुन्हा चर्रर्र, पुन्हा मी. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि मग आली रमजान ईद. त्या दिवशी अरफा मॅडम सुट्टीवर, आणि नेमकं त्याच दिवशी मोहिनीला घरी सोडलं. मोठे डॉक्टर घाईत होते. त्यांनी मला काढून हात पाहिला, खूश झाले आणि म्हणाले, "कातडी मस्त धरलीय. आता घरी जा. फक्त एक लक्षात ठेवा, हात आखडू देऊ नका. अजिबात आखडू देऊ नका."

वाल्मीकभाऊंनी मान डोलावली. अक्काबाईनेही डोलावली. पण बाहेर पडल्यावर अक्काबाई फणकारली, "ऐकलंस का रे वाल्मीक? हात आखडू नका म्हनं! आपन काय हात आखडनारी मानसं हाय का? एकुलती एक पोर, तिच्यासाठी आपन हात आखडू व्हय?"

"जाऊ दे गं आत्या. दवाखान्यात सगळ्यांनाच सांगत असतील."

"सांगू दे. आता दाखवतेच मी!"

कळलं का तुम्हाला काय झालं? अहो, डॉक्टर मोहिनीच्या हाताबद्दल बोलत होते आणि अक्काबाईने ऐकलं खर्चाबद्दल! मला परत हातावर बांधायला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पिशवीत बसून ओरडत होते, "तो हात नव्हे हो, हा हात!" पण प्लॅस्टिकचा आवाज कुणाला ऐकू येतो?

येवल्याला पोचल्यापासून जे सुरू झालं, ते विचारू नका. तुपातला शिरा. गावरान अंडी. खारीक-खोबऱ्याचे लाडू. शेजारच्या गच्चीवाले नईमचाचा, तेही विणकर आणि वाल्मीकभाऊंचे जिवलग दोस्त, शीरखुर्म्याचं भांडं घेऊन आले. अक्काबाई प्रत्येकाला सांगायची, "डॉक्टरनं सांगितलंय, हात आखडायचा नाय!" आणि प्रत्येक जण आणखी काहीतरी घेऊन यायचा. मोहिनीचे गाल टमाट्यासारखे झाले. शेवटी एकदा ती म्हणाली, "आजी, माझा हात भाजलाय. पोट नाही!"

आणि मी? माझं काय झालं ते ऐकून हसाल. अक्काबाईने मला धुतलं, पुसलं आणि डोळ्यांसमोर धरलं. पसरलेली पाच बोटं, पुढे केलेला तळवा. तिने हात जोडले. "हा तर आशीर्वादाचा हात हाय गं बाई! ह्याच्यामुळंच पोरीचा हात बरा झाला." आणि मला उचलून थेट देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी! रोज सकाळी हळद, कुंकू, एक फूल. संध्याकाळी उदबत्ती.

खरं सांगू का? पहिले काही दिवस मला आवडलं. कुणाला नाही आवडणार? आतापर्यंत मला उलथणं म्हणत होते, आता लोक मला नमस्कार करत होते! पण देवघरातून मला मोहिनीचा हात दिसायचा. तिथे मी नव्हते, आणि लबाड कातडीला मोकळं रान मिळालं होतं. आधी करंगळी वाकली. मग तिच्या शेजारचं बोट. मोहिनी वेणी घालताना डाव्या हाताने काम चालवू लागली. पेन्सिल मुठीत धरून लिहू लागली. एकदा तिने गुपचूप कोपऱ्यातली आसारी उचलली, दांडा धरला. धरता आला. मग सोडायला गेली, तर बोटं सुटेचनात. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली आणि आसारी होती तिथे ठेवून दिली.

माझ्यासमोर उदबत्ती जळत होती. इतकी पूजा आणि इतका उपयोग शून्य! मला रडू येत होतं, पण प्लॅस्टिकला रडताही येत नाही.

तपासणीची तारीख आली तेव्हा तिघं एसटीने नाशिकला आले. अक्काबाईने मला लाल फडक्यात गुंडाळून आणलं होतं. अरफा मॅडमनी विचारलं, "स्प्लिंट का नाही हातात?"

"कुंकू पुसलं जाईल ना," अक्काबाई म्हणाली.

"काय पुसलं जाईल?"

फडकं उघडलं. मी हळद-कुंकवाने माखलेली, एका बोटावर सुकलेला झेंडू. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मोहिनीचा हात हातात घेतला. "उघड बघू." मोहिनीने जोर लावला. तिचा चेहरा लाल झाला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली.

"अहो, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुम्हाला, हात आखडू देऊ नका?"

"नाय आखडला बाई!" अक्काबाई उसळली. "रोज तूप, रोज अंडी. लाडू तर किती केले! इचारा वाल्मीकला. जरा बी हात आखडला नाय आम्ही!"

अरफा मॅडमनी वाल्मीकभाऊंकडे पाहिलं, अक्काबाईकडे पाहिलं, मोहिनीच्या गालांकडे पाहिलं. आणि त्यांना जे हसू फुटलं! खुर्चीवर बसून डोळे पुसत हसल्या. मग उठून अक्काबाईच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

"आजी, चूक तुमची नाही. आमचं बोलणंच तसं आहे." त्यांनी आपला हात पसरला आणि बोटं हळूहळू मिटत नेली. "हे बघा, हे आखडणं. कातडी असा हात मिटवून टाकते. डॉक्टर याबद्दल बोलत होते."

अक्काबाईने त्या मिटलेल्या हाताकडे पाहिलं. मग मोहिनीच्या. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे... माझ्या पोरीचा हात मी बंद करून टाकला का गं?"

"अजून नाही. कातडी कोवळी आहे, अजून ऐकेल. पण आता हयगय केली तर पुन्हा कापून नवी कातडी लावावी लागेल." मग त्या मोहिनीकडे वळल्या. "संक्रांत कधी आहे गं?"

"पुढच्या महिन्यात," मोहिनी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं. "पण मॅडम, मला सोडताच येत नाही."

"मग लागा कामाला!"

आणि मित्रांनो, मी पुन्हा गरम पाण्यात! पुन्हा मऊ, पुन्हा कोरी. हळद निघाली, झेंडू निघाला, कुंकवाचा डाग तेवढा राहिला. पण या वेळी मला एकदम सपाट केलं नाही. मोहिनीचा हात जेवढा उघडत होता, त्याहून अगदी थोडंसं जास्त उघडं ठेवलं. दर आठवड्याला एसटी, दर आठवड्याला ट्रे, आणि दर वेळी मी जराशी आणखी उघडी. मी पुढे, ती मागे. लहान मुलाला चालायला शिकवताना आपण एक पाऊल मागे सरकून "ये, ये" म्हणतो ना? तसंच.

दुखायचं का? हो, दुखायचं. मोहिनी मला "जळकी पाल" म्हणायची, एकदा तर तिने मला भिंतीवर भिरकावलं. तेव्हाच माझा पट्टा तुटला. वाल्मीकभाऊंनी तो पैठणीच्या रेशमाने शिवून दिला. सांगा, आहे का दुसरी कुठली स्प्लिंट, जिला रेशमाचा टाका आहे?

व्यायामाचा भार अक्काबाईने उचलला. मॅडमनी सांगितलं होतं की दोन्ही तळवे एकमेकांना टेकवून दाबायचे, नमस्कार करतो तसे. झालं! अक्काबाईने मोहिनीला दारात बसवलं. "येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार कर. कुणाला सोडायचं नाय." दूधवाल्याला नमस्कार. पोस्टमनला नमस्कार. कांद्याच्या ट्रॅक्टरला नमस्कार! सगळी गल्ली उलटा नमस्कार करू लागली. नईमचाचा दिवसातून कितीदा तरी मुद्दाम तिथून जायचे आणि झुकून म्हणायचे, "नमस्कार, मंत्रीबाई! आमच्या नळाचं काय झालं?" मोहिनी हसून लोटपोट व्हायची आणि हसता हसता तळवे आणखी टेकायचे. आधी दोन तळव्यांच्या मधे बटाटा मावेल एवढी फट होती. मग लिंबू. मग बोर. रोज खोबरेल तेलाने चोळणं, रोज कणकेचा गोळा दाबून पुन्हा सपाट थापणं. त्या महिन्यात त्या घरात जेवढ्या वेड्यावाकड्या पोळ्या झाल्या, तेवढ्या कधी झाल्या नसतील. वाल्मीकभाऊंनी सगळ्या खाल्ल्या.

संक्रांत आली. मॅडमचा हुकूम होता: मांजाला शिवायचं नाही, हातात कातडी दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा घालायचा, आसारीचा फक्त दांडा धरायचा. मला गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं, तिळगुळाच्या डब्यावर. आभाळ पतंगांनी इतकं भरलं होतं की ऊन खाली यायला जागा नव्हती! हलकडी वाद्याचा आवाज, पिपाण्या, आणि कुणाचा पतंग कटला की "गई बोला रे गई!"

शेजारच्या गच्चीवरून नईमचाचा ओरडले, "वाल्मीकभाई, यंदा आसारी कोण धरणार? म्हातारी का?"

"म्हातारी असंल तुझी सासू!" अक्काबाईने तिथल्या तिथे परत केलं. "आमची मोनी धरनार हाय. सांभाळ तुझा पतंग!"

वाल्मीकभाऊंचा पतंग वर चढला. मोहिनीने दांडा धरला. काही वेळ सगळं सोपं होतं. मग नईमचाचांचा काळा पतंग खालून आला आणि पेच पडला. आता काय हवं? ढील! भरपूर, झरझर ढील!

"मोने, ढील दे! ढील!"

मी डब्यावर बसून मोज्यातल्या त्या मुठीकडे बघत होते. मूठ मिटलेलीच होती. माझ्या हातात काहीच नव्हतं, मित्रांनो. या क्षणी मी तिच्या हातावर नव्हते आणि तिला एकटीलाच करायचं होतं. तिने ओठ दाबले. करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. आणि मग सगळा हात फुलासारखा उघडला, अख्खा, बोटांच्या टोकांपर्यंत! आसारी गर्रर्र फिरली. मांजा सुसाट निघाला. तिने पुन्हा धरला. पुन्हा सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला!

"बाबा, सुटतंय! बाबा, बघा, सुटतंय!"

वाल्मीकभाऊंनी वळून पाहिलं. पेच चालू असताना आभाळावरून नजर काढायची नसते, हे येवल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी काढली. लेकीच्या उघड्या हातावर लावली आणि तिथेच ठेवली. तेवढ्यात नईमचाचांनी खेच मारली आणि पतंग कटला.

"गेला! गेला!" वाल्मीकभाऊ ओरडले आणि मोहिनीला उचलून गरागरा नाचू लागले. अक्काबाई टाळ्या पिटायला लागली.

नईमचाचा कठड्याशी येऊन उभे राहिले. "अरे वाल्मीक, पतंग तेरी कटी! नाचतोस कशाला?"

वाल्मीकभाऊंनी मोहिनीचा हात धरून उंच केला. मोहिनीने पाची बोटं पसरून चाचांना दाखवली. चाचांनी आपली आसारी खाली ठेवली, आणि मग तेही नाचायला लागले.

पुढे मोहिनी मोठी झाली, तिचा हात मोठा झाला आणि मी तिला लहान पडू लागले. तिच्यासाठी नवी स्प्लिंट झाली, मग तिचीही गरज संपली. मला मोहिनीनेच अरफा मॅडमना परत आणून दिलं. आता नवं कुणी आलं की मॅडम मला कपाटातून काढतात, घरच्यांच्या हातात देतात आणि "समजलं का?" असं कधीच विचारत नाहीत. "काय समजलं ते मला सांगा," असं म्हणतात. मग माणसं आपल्या शब्दांत सांगतात, आणि चुकलं तर तिथेच हसून दुरुस्त होतं.

तुम्हालाही सांगून ठेवते. भाजलं तर आधी नळाखाली हात धरा, गार पाण्याखाली, बराच वेळ. पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. मग डॉक्टर. आणि माझ्यासारखी कुणी पांढरी मॅडम मिळाली, तर ती कितीही छळो, तिला हातावर राहू द्या.

अजून एक मागणं आहे. हात भाजलेला कुणी मित्र किंवा मैत्रीण तुमच्या वर्गात परत आली, तर तिच्या हाताकडे टकामका बघत उभे राहू नका. तिच्या हातात काहीतरी द्या. फळ्याचं डस्टर द्या, चेंडू द्या, डब्यातली अर्धी पोळी द्या. पडलं तर पडू द्या. उचला आणि पुन्हा द्या.